संत्र्याच्या झाडावरचा तंबू

तारीख १५ ऑक्टोबर १८८८. गाव उत्तर ॲडलेड, दक्षिण ऑस्ट्रेलिया. आपल्याकडे ऑक्टोबरचं ऊन अंग भाजत असेल. इथं मात्र वसंत सुरू आहे. तुम्ही एका खासगी बागेत उभे आहात आणि चार पावलांवर पस्तिशीचा एक माणूस एका फांदीला जवळजवळ नाक लावून उभा आहे. आल्बर्ट कोबेले त्याचं नाव. जन्मानं जर्मन, नोकरीनं अमेरिकी कृषी खात्यातला कीटकतज्ज्ञ. त्याला तुम्ही दिसत नाही. काळात मागं जाण्याचा एवढा फायदा असतोच, तेव्हा बिनधास्त पुढं व्हा आणि त्याच्या खांद्यावरून बघा. खिशात भिंग असू द्या. आजपासून पुढं त्याच्याशिवाय चालणार नाही.

फांदीवर एक खवलेकीड चिकटली आहे. तपकिरी-लालसर छोटं अंग आणि मागं निघालेली पांढरीशुभ्र, उभ्या पन्हळींची थैली. शास्त्रीय नाव आयसेरिया पर्चेसी. गंमत अशी, की जिथली ही कीड, त्या ऑस्ट्रेलियात ती शोधत फिरावं लागतं. कोबेले गेले काही आठवडे तेच करतो आहे. ती एवढी विरळ का, याचं उत्तर त्याला हवं आहे. काही उत्तर मिळालंही आहे: एक चिमुकली माशी, जिच्या अळ्या खवलेकिडीच्या अंगात राहून तिला आतून खातात. ॲडलेडच्याच फ्रेझर क्रॉफर्ड यांनी ती आधी पाहिली होती आणि अमेरिकेतल्या साहेबांची सगळी भिस्त तिच्यावरच आहे.

पण आज फांदीवर दुसरंच कुणीतरी आहे. भिंग लावा. तीन-चार मिलिमीटरचा एक ढालकिडा. लेडीबर्ड म्हणून पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर मिरवणाऱ्या भुंगेऱ्यांच्याच कुळातला, पण तुमच्या ओळखीच्या चकचकीत लाल टिकलीपेक्षा लहान आणि मळकट. लाल पाठीवर काळे वेडेवाकडे डाग, वर बारीक लव. तो एका भल्या मोठ्या खवलेकिडीला खातो आहे. कोबेले नोंद करतो आणि पुढं सरकतो. आपल्या हाती काय लागलं, ते त्याला आज कळलेलं नाही. तुम्हाला माहीत आहे. सांगता मात्र येणार नाही.

हा माणूस इथवर आला कसा, ते सरकारी कारभार अनुभवलेल्या माणसाला लगेच पटेल. कृषी खात्याचे मुख्य कीटकतज्ज्ञ सी. व्ही. रायली यांना ऑस्ट्रेलियात माणूस पाठवायचा होता, पण अमेरिकी काँग्रेसनं खात्याच्या परदेश प्रवासाच्या खर्चावर बंदी घातलेली. मग कुणीतरी शोधून काढलं, की त्याच वर्षी मेलबर्नला आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरतं आहे आणि त्याचा निधी परराष्ट्र खात्याकडे आहे. त्यातले दोन हजार डॉलर या कामाला मिळाले. कागदोपत्री कोबेले प्रदर्शनाच्या शिष्टमंडळाचा माणूस. सरकारी नियमांना वळसा घालून झालेल्या चांगल्या कामांची यादी कुणी केलीच, तर हे त्यात बरंच वर असेल.

आता थोडं आणखी मागं चला. सन १८८७, लॉस एंजेलिस.

शहर अजून फारसं शहर झालेलं नाही. चारी बाजूंनी संत्र्याच्या बागा आहेत. लांबून बागेवर बर्फ पडल्यासारखं दिसतं. जवळ जाऊन पानाला हात लावा. बोटं चिकटतात. कीड रस शोषते आणि नको असलेलं गोड पाणी बाहेर टाकते. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते, पान सूर्यप्रकाशाला मुकतं, फांदी वाळते. ही कीड कॅलिफोर्नियात १८६८च्या सुमारास मेन्लो पार्क इथं पहिल्यांदा दिसली होती, बहुधा ऑस्ट्रेलियातून आणलेल्या बाभळीच्या रोपांबरोबर आलेली. तिला खाणारे मात्र तिकडेच राहिले. वीस वर्षांत तिनं हा प्रदेश असा केला आहे. बागाईतदार व्हेल माशाच्या तेलाचा साबण फवारून बघताहेत, रॉकेलचं मिश्रण मारताहेत. कृषी खात्याचा इथला माणूस डी. डब्ल्यू. कोक्विलेट तर झाडावर तंबू टाकून आत सायनाइडची विषारी धुरी देण्याचे प्रयोग करतो आहे. काहींनी नाद सोडून कुऱ्हाड हातात घेतली आहे. झाडं तोडून जाळली जाताहेत.

एका किडीजवळ खाली बसा आणि तिची पांढरी थैली काडीनं हलकेच उकला. आत लालभडक अंडी. शेकड्यांनी. एकेका थैलीत सहाशे, आठशे, कधी हजारापर्यंत. आणि इथं नराची गरज जवळजवळ नाहीच. ज्याला आपण मादी म्हणतो, तो जीव उभयलिंगी असतो, स्वतःच स्वतःची अंडी फलित करतो. म्हणजे एक कीड नव्या झाडावर पोचली, की झाड गेलंच समजा. ही गोष्ट १८८७ मध्ये बागेतल्या एकालाही माहीत नाही. ती कळायला १९२०चं दशक उजाडणार आहे, तेव्हा गप्प बसा.

एक आकडा मात्र लक्षात ठेवा. एवढी अंडी घालूनही या किडीच्या वर्षाला दोन-तीनच पिढ्या होतात. पुढं सगळं यावर ठरणार आहे.

आता परत १८८८ मध्ये, कोबेलेनं पाठवलेल्या डब्यांबरोबर. सिडनीहून निघणारी बोट ऑकलंड, होनोलुलू करत सॅन फ्रान्सिस्कोला पोचायला महिनाभर घेते. तुम्ही हवं तर तो प्रवास करा. मी करणार नाही. डब्यांमध्ये खवलेकीड लागलेल्या फांद्या, त्यांवर भुंगेरे. काही खोकी बोटीच्या बर्फघरात. थंडीत सगळं मंदावतं: खाणं, अंडी, वाढ. वाटेतच सगळं खाऊन संपलं आणि मग उपाशी मेले, असं होऊ नये म्हणून ही युक्ती. तरी बरेच मरतातच.

३० नोव्हेंबर १८८८. लॉस एंजेलिसमधली वुल्फस्किल यांची बाग. इथं संत्र्याच्या एका लागलेल्या झाडावर कोक्विलेटनं पुन्हा तंबू उभा केला आहे, यावेळी जाळीदार कापडाचा. कालपर्यंत याच बागेत तंबू उभा राहायचा तो विषाचा वायू कोंडायला. डबा उघडला जातो. जिवंत भुंगेरे २८.

अठ्ठावीस! एका झाडाला पुरणार नाहीत इतके. २९ डिसेंबरला आणखी ४४ येतील, २४ जानेवारीला ५७. एकूण १२९. तुम्हाला यांतलं प्रत्येक पाखरू मोजता येईल. आणि बाहेर मैलोन् मैल पांढऱ्या बागा.

तंबूत शिरा. पडदा नीट लावून घ्या, एकही निसटता कामा नये. आता तुमच्याकडे साडेचार महिने आहेत, आणि आपल्याला जे बघायचं आहे ते या झाडावर आहे.

पहिले काही दिवस नुसतं खाणं. मग एका दुपारी, ऊन तंबूच्या कापडावर चढलेलं असताना, दोन भुंगेरे एका पानावर एकावर एक दिसतील. वरचा नर, लाल कमी, काळा जास्त. खालची मादी, लाल जास्त. या कुळात मीलन रेंगाळतं, काही जातींत तर तासन् तास. मादी मध्येच चालायला लागते, खाते, फिरते. वरच्याला त्याचं काही नाही. ते आटोपलं, की नराचं काम झालं. मादीच्या पोटात एक छोटी पिशवी असते, तीत शुक्राणू साठून राहतात आणि ती पुढं अंडी घालताना लागतील तसे वापरते. म्हणूनच डब्यातून एकटी उतरलेली मादीसुद्धा अख्खी वसाहत पोटात घेऊन आलेली असू शकते. कोबेलेनं पाठवलेल्या डब्यांमध्ये खरी मोलाची वस्तू ती होती.

आता तिच्या मागं राहा. ती पानावर भटकत नाही, थेट खवलेकिडीच्या थैलीकडे जाते. थांबते. पोटाचं टोक वाकवून कापसाच्या तंतूंमध्ये घालते, थैलीच्या पाठीवर किंवा खवल्याच्या अंगाखाली, आणि निघून जाते. भिंगाखाली पांढऱ्यावर एक लाल ठिपका: लांबट, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा. अंडं. बहुतेकदा एकटं, कधी दोन-चार. अशी दीडशे ते दोनशे अंडी ती आयुष्यात घालेल, आणि जवळजवळ प्रत्येक अंडं अन्नाच्या दारात.

आपल्याकडच्या ज्वारीच्या, हरभऱ्याच्या शेतात मावा खाणारे ढालकिडे असतात, ते असं करत नाहीत. त्यांची अंडी पिवळी, उभी, एकमेकांना चिकटून दहा-वीस-तीसच्या पुंजक्यात, माव्याच्या वस्तीजवळ. कारण मावा आज आहे, उद्या पंख फुटून उडाला किंवा संपला. मादी जुगार खेळते. त्या पुंजक्यातली जी अळी आधी फुटते, ती शेजारच्या न फुटलेल्या अंड्यापासून जेवायला सुरुवात करते. सख्खा भाऊ, सख्खी बहीण, जे असेल ते. ऐकायला वाईट वाटतं. पण पहिल्या जेवणानं अंगात जी ताकद येते, तिच्या जोरावरच ती पुढचा मावा गाठते. व्हेडालियाला (तंबूतल्या भुंगेऱ्याला सगळे याच नावानं ओळखतात) याची घाई नाही. तिचं भक्ष्य पळत नाही, उडत नाही, फांदीला सोंड खुपसून बसलेलं असतं.

चार-पाच दिवस थांबा. हवा गार असेल तर जास्त. डिसेंबरच्या लॉस एंजेलिसमध्ये रात्री थंड असतात, तिथं कुणाच्याच इच्छेनं वेळ पुढं सरकत नाही.

अंडं फुटतं. बाहेर आलेला जीव पाहून तुम्हाला ढालकिड्याची आठवणही येणार नाही. लांबट, लाल, सहा पायांची अळी, पाठ गोल नाही, ढाल नाही, पंखांचा पत्ता नाही. ती क्षणभर कवचाला धरून बसते, अंग वाळू देते. चालताना पोटाचं शेवटचं टोक पानावर टेकवते; त्या टोकाला चिकटण्याची सोय आहे, वारा आला तरी ती पडत नाही. मग ती कापसाच्या थैलीवर चढते, तंतू बाजूला सारते आणि आत शिरते.

आता तुम्हाला काही दिसत नाही. थैली बाहेरून आहे तशीच पांढरी, आणि खवलेकीडही जागची हललेली नाही. काडीनं थैलीचा एक काठ उचलून बघा. लाल अंड्यांच्या ढिगात लाल अळी. आयसेरियानं जे शेकडो जीव पुढच्या पिढीसाठी जपून ठेवले, ते ही आत बसून एकेक करून संपवते आहे. चोर घराबाहेर दबा धरून नाही, तिजोरीच्या आत जेवायला बसलेला आहे. विषाची धुरी, साबण, रॉकेल या सगळ्यांना जी पांढरी थैली पुरून उरली, ती या अळीसाठी नुसता निवारा आहे.

अंग वाढतं, कातडी वाढत नाही. तेव्हा कात टाकावी लागते. अळी पोटाच्या टोकानं घट्ट चिकटते, पाठीवर फट पडते आणि जुनी कातडी मागं सारत ती पुढं सरकते. असं तीनदा. म्हणजे अळीच्या चार अवस्था. प्रत्येक वेळी भूक आधीपेक्षा मोठी. पहिल्या अवस्थेत अंडी पुरतात. मग खवलेकिडीची पिल्लं. शेवटच्या अवस्थेतली अळी पूर्ण वाढलेल्या खवल्याला तोंड लावते. तोवर तिचा लाल रंग फिकट गुलाबी-करडा झालेला, त्यावर काळसर खुणा, आणि अंगावर भक्ष्याच्या मेणाची पांढरी भुकटी. अशा अवस्थेत तिला बघितलं तर कुणीही म्हणेल, ही आणखी एक नवी कीड.

तंबूत अन्न भरपूर आहे, म्हणून बरं. जिथं कमी पडतं तिथं मोठी अळी लहान अळीला खाते, अंड्यालाही सोडत नाही. या कुळात नात्यागोत्याला फारसं स्थान नाही.

आठवडा-दहा दिवसांनी एक दिवस ती खाणं सोडते. एवढी खादाड अळी समोर अन्न असताना तोंड फिरवते, तेव्हा समजावं की काहीतरी मोठं व्हायचं आहे. ती पानाच्या खालच्या बाजूला किंवा फांदीवर एक जागा निवडते, पोटाचं टोक तिथं चिकटवते, पाठ वाकवते आणि निपचित राहते. भिंग हलवू नका. पाठीवर मधोमध कातडी उभी उकलते. यावेळी ती निघून पडत नाही. उकललेल्या कातडीच्या आतच कोष बसलेला असतो, अंगरखा पुढून उघडा ठेवून बसावा तसा.

कोषात काय चालतं, ते भिंगानं दिसत नाही. अळीच्या शरीराचा बराच भाग मोडून काढला जातो. तिच्या आत जन्मापासून सुप्त असलेल्या पेशींच्या गाठी आता वाढू लागतात आणि त्यांतून पंख, नवे डोळे, नव्या शृंगिका, प्रजननाची इंद्रियं घडतात. बाहेरून मात्र एक निर्जीव गाठ. बोट लावलंत तर एखाद वेळी झटका देऊन उठेल; तेवढीच जिवंतपणाची खूण.

पाच-सहा दिवस. मग एका सकाळी कोष फाटतो आणि भुंगेरा बाहेर येतो, पण अजून तो नीट भुंगेरा झालेला नसतो. रंग फिका, पाठीची ढाल मऊ. ढाल म्हणजे खरं तर पुढचे दोन पंख. उडायचे पंख त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. तो ते पारदर्शक, सुरकुतलेले पंख ढालीच्या मागं ओढून काढतो आणि वाळेपर्यंत बाहेर लोंबत ठेवतो. इतका दुबळा क्षण त्याच्या आयुष्यात पुन्हा येणार नाही. मुंगीनंही गाठलं तर संपला. तासाभरानं, दोन तासांनी बघा. ढाल कडक होते आहे, लाल गडद होतो आहे, काळे डाग कुठून तरी वर येताहेत. पंख आत घेतले जातात, घडीवर घडी. झाला भुंगेरा. काही दिवसांत यांतली मादी अंडी घालायला लागेल.

उबदार हवेत अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत हा सगळा फेरा तीन आठवड्यांच्या आसपास पुरा होतो. चांगल्या वर्षात आठ ते बारा पिढ्या. आता तो मघाचा आकडा काढा: खवलेकिडीच्या दोन-तीन. तिची अंडी कितीही असोत, ती फुटून, वाढून, पुन्हा अंडी घालायच्या आत भुंगेऱ्याच्या तीन-चार पिढ्या जेवून जातात. कागदावर हिशेब करायचा तर एका मादीची दीडशे अंडी, निम्म्या मुली, म्हणजे ७५. त्यांच्या पोटी पुन्हा तितक्याच, म्हणजे पाच हजार सहाशे पंचवीस. आणि मध्ये गेले फक्त दीड-दोन महिने. प्रत्यक्षात थंडी आहे, मुंग्या आहेत, घरातच एकमेकांना खाणं आहे. हिशेब इतका सरळ जात नाही. पण जातो त्याच दिशेनं.

एप्रिल १८८९चा दुसरा आठवडा. तंबूत या. झाडावर पांढरं जवळजवळ उरलेलं नाही. रिकाम्या, विस्कटलेल्या थैल्या, आणि पानापानावर भुंगेरे. खायला काही नाही. हा भुंगेरा आपल्या मावा खाणाऱ्यासारखा पाच घरची भाकरी खाणारा नव्हे. आयसेरिया आणि तिच्या जवळच्या नातलगांपलीकडे त्याला फारसं काही चालत नाही. कोक्विलेट तंबूची एक बाजू उघडतो. शेजारच्या झाडावर जायला त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

यापुढं तुम्हाला पळावं लागेल. खबर पसरते. बागाईतदार खोकी, डबे घेऊन वुल्फस्किलच्या बागेत येतात आणि फांद्याच्या फांद्या घेऊन जातात: पानांना चिकटलेले कोष, थैल्यांमधल्या अळ्या, वरचे भुंगेरे, सगळं एकत्र. जाणते लोक नुसते भुंगेरे मागत नाहीत. भुंगेऱ्याला पंख असतात, तो आवडेल तिथं जाईल. अळी आणि कोष मात्र तुमच्याच झाडावर उतरतात. १२ जूनपर्यंत १०,५५५ भुंगेरे २०८ बागाईतदारांना वाटले गेले. मधल्या काळात कोबेलेकडून आणखी तुकड्या आल्या होत्या; त्या धरूनही ऑस्ट्रेलियाहून आलेले एकूण भुंगेरे भरतात ५१४. वर्ष उलटायच्या आत लॉस एंजेलिस काउंटीतून बाहेर जाणारी संत्री सातशे वाघिणींवरून दोन हजार वाघिणींवर गेली. बागाईतदारांनी कोबेलेला सोन्याचं घड्याळ दिलं आणि त्याच्या बायकोला हिऱ्यांच्या कुड्या. ज्या माशीसाठी तो गेला होता, तिनंही नंतर बरं काम केलं. पण तिच्या नावानं कुणी कुड्या दिल्या नाहीत.

खवलेकीड नामशेष झाली का? नाही, आणि तशी ती व्हावी अशी भुंगेऱ्याचीही इच्छा नसणार. ती उरली विरळ, ऑस्ट्रेलियात होती तशी, आणि तिच्या मागं भुंगेराही विरळ. भुंगेरा नसला तर काय होतं, ते पाहायचं असेल तर एक थांबा आणखी घ्या: १९४६-४७, कॅलिफोर्नियाचं सॅन वाकीन खोरं. दुसरं महायुद्ध संपलं आहे, डीडीटी नावाचं नवं जादूचं औषध बाजारात आलं आहे आणि संत्र्याच्या बागांवर ते मनसोक्त मारलं जातं आहे. दुसऱ्याच एका किडीसाठी. झाडावर भिंग लावा. लाल ठिपके नाहीत, करड्या अळ्या नाहीत, कोष नाहीत. पांढऱ्या थैल्या मात्र परत आल्या आहेत, पुष्कळ. डीडीटीनं भुंगेरे मारले, खवलेकिडीला त्यानं फारसं काही झालं नाही. साठ वर्षांपूर्वीचं दृश्य पुन्हा, आणि शेतकरी पुन्हा व्हेडालिया शोधत हिंडताहेत.

मधल्या काळात हा भुंगेरा पन्नासएक देशांत पोचला. १९३०च्या आसपास आपल्याकडे निलगिरीत वॅटलच्या झाडांवर आयसेरिया आली, तेव्हा तिच्यामागं त्यालाही आणावं लागलं, आणि त्यानं तिथंही काम केलं. २००२ मध्ये गालापागोस बेटांवर सोडला गेला, तोही हाच.

आता घरी या. पण थेट गावात नको, आधी नाशिक किंवा सांगलीकडच्या एखाद्या द्राक्षबागेत उतरा. कोबेले १८९१-९२ मध्ये पुन्हा ऑस्ट्रेलियाला गेला होता आणि त्यावेळी त्यानं कॅलिफोर्नियात आणखी एक ढालकिडा आणला होता: क्रिप्टोलेमस. हाच भारतातही १८९८ मध्ये आणला गेला, तेव्हा कॉफीवरच्या खवलेकिडीसाठी. आज आपल्या बागाईतदारांना तो पिठ्या ढेकणाचा शत्रू म्हणून माहीत आहे. घडावर, खोडाच्या सालीखाली बसणाऱ्या त्या पांढऱ्या ढेकणासाठी तो बागेत सोडतात. भुंगेरा तपकिरी-काळा, डोकं आणि छाती नारिंगी. तो सगळे ओळखतात. अडचण त्याच्या अळीची आहे. तिच्या अंगावर पांढऱ्या मेणाच्या झालरी असतात, आणि ती दिसते थेट पिठ्या ढेकणासारखी. विकत आणून सोडलेल्या भुंगेऱ्यांची पोरं मालकाच्याच हातून फवारली जातात, ती या साम्यामुळे. जी खाते ती अळी, जी मारली जाते तीही अळी.

तेव्हा बागाईतदारांनो, एवढं करा. पांढरं दिसलं की लगेच पंप पाठीला लावू नका. भिंग घ्या, काडीनं डिवचा. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही. हलला तर सावकाश. क्रिप्टोलेमसची वाढलेली अळी त्याच्यापेक्षा चांगली मोठी असते, मेणाचे धागे लांब असतात, आणि डिवचलं की ती चालायला लागते. माव्याच्या वस्तीत काळी-करडी, पाठीवर नारिंगी ठिपके असलेली, सुसरीसारखी लांबट अळी दिसली, तर तीही ढालकिड्याचीच. पानाला चिकटलेली नारिंगी गाठ त्याचा कोष, आणि पिवळ्या उभ्या अंड्यांचा पुंजकाही बहुधा त्याचाच. वांग्या-बटाट्याच्या पानांची चाळण करणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा त्यांचा एक चुलतभाऊ आहे. त्याची पिवळी अंडी अशीच पुंजक्यात असतात, पण अळी पिवळी, काटेरी, आणि ती माव्यात नाही तर खरवडलेल्या पानावर सापडते. तेवढा सोडून बाकीच्यांना राहू द्या. अळ्या दिसल्या तर फवारणी आठवडाभर पुढं ढकला आणि मग पुन्हा भिंग घेऊन बागेत जा.